मरळीचं बाळपण

सुनेच्या काचेच्या टाकीत, तिच्या लाडक्या रंगीत मासोळ्यांना सोबत म्हणून मी माझ्या हातानं मरळीची पिल्लं नेऊन सोडली. मरळ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, असं नाही. आमच्या मूल गावच्या बाजारातून आणलेल्या मरळी मी आयुष्यभर राखेत घोळून घासल्या, चिरल्या, त्यांचा रस्सा करून पाहुण्यांकडून वाहवा घेतली. पण मला ठाऊक होती ती विळीवरची मरळ. तिचं बाळपण मी कधी पाहिलं नव्हतं. आणि स्वतःला तर मी तेव्हा भलतीच शहाणी समजत होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सूनबाई गडचांदूरची, सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. लग्नात भांडीकुंडी सगळ्यांच्याच येतात, हिच्यासोबत काचेची टाकी आली. बुडबुडे सोडणारं मशीन, गप्पी, काळ्या मोल्या आणि एक म्हातारा निळसर गुरामी. तो गुरामी तिच्या शाळेपासूनचा. पोरगा माझा मुलचेऱ्याला नोकरीवर, शनिवारी घरी यायचा. बाकीचे दिवस शाळेत शिकवून आली की ती त्या टाकीपुढे स्टूल टाकून बसायची. आम्ही सासवा समजतो सून आपल्या घरात रमली. ती रमली होती त्या काचेत.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा तिनं मला टाकीपुढे उभं केलं. दाणे किती टाकायचे, पाणी कसं बदलायचं, सगळं समजावलं. मी म्हटलं, "एवढ्याशा टाकीत एवढ्याच काऊन ठेवल्या? अजून दोन-चार रंगाच्या आण ना. सुनंसुनं दिसते."

"कोणीही कोणासोबत नाई राहत आई. गोल्डफिशले थंड पाणी लागते. फायटर दुसऱ्याचे पर फाडते. नवीन मासोळी आणताना तिचं तोंड पाहावं लागते, मोठी किती होईन ते पाहावं लागते."

मी पदर तोंडाला लावून हसले. अर्ध्या गल्लीच्या सोयरिकी मी जुळवलेल्या, आणि ही मला तोंड पाहायला शिकवते!

मग ती जरा थांबून म्हणाली, "बाळ सहा महिन्यांचं झालं की मले शाळेत रुजू व्हा लागीन. माझी आई म्हणते, बाळाले गडचांदूरलेच ठेव. मी म्हटलं, पाहू. या मासोळ्या तुम्ही नीट सांभाळल्या ना, तं मले बाळाची चिंता नाई."

हसत म्हणाली, पण मला ते लागलं. म्हणजे परीक्षाच. नातवंड मूलला वाढणार की गडचांदूरला, ते या गुरामी-गप्पींवर! मी मनात म्हटलं, सांभाळतेच कशाला, वाढवून दाखवते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिराच्या शेतावर गेले होते. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, वर बोडी आहे, आमच्याकडे शेततळ्याला बोडी म्हणतात. तिच्या काठाशी पाण्यावर लालकेशरी गोळा हलत होता. वाकून पाहिलं तर बारीक बारीक मासोळ्या, कुंकवाच्या रंगाच्या, सगळ्या एकमेकींना चिकटून. माझा जीवच त्यांच्यावर बसला. सोयरीक जुळवणारीचं डोकं लगेच चाललं. उंची गप्पीएवढीच. रंग सुरेख. स्वभाव मिळूनमिसळून राहण्याचा. डबा बुडवला तशी खालून एक काळी जाड मासोळी माझ्या पोटरीवर अशी आदळली की मी चिखलात बसले. तिला शिव्या दिल्या, पण डबा सोडला नाही. ती त्यांची आई होती, हे मला कळायला महिना जायचा होता.

टाकीत सोडल्या आणि काय शोभा! गल्लीतल्या बायका पाहायला येत. शेजारी बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचींनी काचेला नाक लावून म्हटलं, "कितनी प्यारी है भाबी! कहाँ से मंगाई?" मी मान ताठ करून सांगितलं, "बाहेरून."

पंधरा-वीस दिवसांत कुंकू उडू लागलं. पिल्लं मातकट झाली, मग हिरवट काळी. मला वाटलं पाणी खराब. पाणी बदललं. त्यांची भूक मात्र खणखणीत. मी गेले की तोंड वर करून यायची. मी म्हणायची, पाहा, जीव लावला की असं होते.

मग एका सकाळी गप्पी कमी दिसल्या. दुसऱ्या सकाळी आणखी कमी. टाकीवर झाकण तसंच, खाली ओल नाही, काटा नाही, खवला नाही. मांजरावर आळ घेतला, झाकणावर पाट ठेवला, पाटावर वरवंटा. तरी कमी! आमचे हे राइस मिलमधून जेवायला आले, त्यांना टाकी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"तुले मोजता येते ना नीट?"

"माही थट्टा नका करू. मासोळ्या गेल्या कुठी?"

"वाफ होऊन उडाल्या असन. उकाडा लय आहे."

मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. घरात काहीतरी आहे असं वाटायचं. देवाला दिवा लावताना टाकीकडे पाठ करायची मला भीती वाटू लागली.

शेवटी तेही दिसलं. सकाळी दाणे टाकायला गेले. कोपऱ्यात एक हिरवटकाळी मासोळी स्थिर उभी. तिच्या तोंडातून काळी शेपूट बाहेर, मोलीची. शेपूट अजून हलत होती. आणि ती माझ्याकडे बघत होती, दाण्यांच्या वेळी बघायची तसंच, ओळखीनं. माझ्या हातातला डबा सुटला. मी अशी ओरडले की चाची चुलीवरचं दूध सोडून धावत आल्या. त्यांनी काचेत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"या अल्ला! भाबी, ये तो मरळ है! तुमने सालन की मछली पाल ली?"

मी खाली बसले. पाहते तर मरळही एकच उरलेली. बाकीच्या लाल बहिणी कुठे गेल्या ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. सख्ख्या बहिणी! एकमेकींना चिकटून राहणाऱ्या! गुरामी तेवढा मशीनच्या मागे, शेपटी फाटलेली, कलंडून पडल्यासारखा. तो तोंडात मावला नाही, एवढंच त्याचं नशीब.

तिला काढायला चाळणी घातली, तर ती उसळून बाहेर. फरशीवर पडली आणि मेली नाही, सरपटत खाटेखाली निघाली. पाण्यावाचून! चाची स्टुलावर चढल्या, मी सूप घेऊन खाटेखाली. धापा टाकत धरली. यांनी संध्याकाळी बघून फक्त विचारलं, "रस्सा करतेस काय?" आणि माझा हात चाललाच नाही. महिनाभर जिला दाणे भरवले, तिला विळीवर कशी घेऊ? अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली आणि वर लोखंडी जाळी ठेवली.

मग हे म्हणाले, "चंद्रपूरहून तशाच गप्पी आणून टाक. सुनेले काय समजते?" दोन दिवस मीही तोच विचार केला. पण गुरामीच्या फाटक्या शेपटीला काय सांगू?

सूनबाई बाळ घेऊन आली त्या दिवशी दारात मी भाकरतुकडा घेऊन उभी. ओवाळायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. बोडी, लाल पिल्लं, सगळं, एका दमात. तिचा चेहरा पांढरा झाला. ती बाळ घट्ट धरून टाकीपाशी गेली. गुरामी काचेजवळ आला. मी मागे, हातात तसाच भाकरतुकडा. मला वाटलं, संपलं. गडचांदूरची गाडी हिच्यासाठी उभीच असेल.

"ती कुठी आहे?" तिनं विचारलं.

मी अंगणात नेलं, जाळी सरकवली. मरळ वर आली. मनगटाएवढी जाड झाली होती. मला पाहून तिनं तोंड उघडलं. सूनबाई कितीतरी वेळ बघत राहिली. डोळ्यांतून पाणी, आणि ओठ मात्र दाबून धरलेले. मग तिनं बाळ माझ्यापुढे केलं.

"माह्या मासोळ्यांसाठी मी रडीन आता, आई, मले आडवू नका. पण ज्या मरळीनं त्या खाल्ल्या, तिलेही तुम्ही मरू नाई देलं. घ्या याले. मान धरा आधी, मान! आणि याले सोबत म्हणून पाळण्यात काई आणून ठेवू नका!"