नळातले विष आणि दोन सळ्या

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते आणि खरे सांगायचे तर हसू आवरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नळाच्या पाण्यात विष कालवल्याचा आरोप, तोही होणाऱ्या व्याह्यावर, एवढा एकच.

तेव्हा मी जव्हार-मोखाड्याच्या भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. दाभोशाच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई तरातरा आत आली आणि तिने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक बाटली आपटली. आत तपकिरी गाळ तरंगत होता.

"सायेब, आमचे नळात विष टाकलाय. लिवून घ्या."

"कोणी?"

"माजे पोरीचे सासऱ्यानी. अजून झाला नाय सासरा. आता होनार पन नाय."

तिची लेक दाराशी उभी होती. आईची तक्रार सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मना लगीन करायचाय, सायेब. तेवढा पन लिवा." अंमलदाराने पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. असल्या तक्रारीला कलम सापडत नाही.

हकीकत अशी. पाड्यावर नळ नुकतेच आले होते आणि त्यांना पाणी येई ओढ्याकाठच्या विहिरीतून. लग्नाची बोलणी करायला मोखाड्याकडून मुलाचा बाप आला आणि बोलणी उरकल्यावर ओढ्यावर मासे धरायला गेला. आमच्या डोंगरात गेळाची फळे कुटून डोहात टाकतात. मासे गुंगतात, वर येतात, टोपलीत भरायचे. दुसऱ्याच दिवशी शहरातून एक फिल्टरवाला आला. त्याने बाईच्याच नळाचे पाणी पेल्यात घेतले, त्यात आपल्या पेटीच्या दोन सळ्या सोडून पेटीचे बटण दाबले. बघता बघता पाणी तपकिरी झाले. "पाण्यात विष आहे," तो म्हणाला. बाईने हिशेब जुळवला. काल गेळ, आज विष. तेच पाणी बाटलीत भरून दुसऱ्या सकाळी तिने ठाणे गाठले.

लग्नाला आठवडा राहिला होता. मुलाच्या बापाला बोलावले. दोषी माणूस ठाण्यात आला की मऊ होतो. हा माझ्यावरच तापला.

"गेळ टाकला, सायेब, टाकला. पन विहिरीचे खालचे अंगाला. पानी वर चढतं का? मना विषवाला म्हनत असतील तर तेंची पोर तेंच्याकडंच ठेवा."

हवालदाराला जागा पाहायला धाडले. डोह खरोखरच विहिरीच्या बराच खाली होता. विहिरीतले पाणी काचेच्या पेल्यात घेतले तर नितळ. मग रंग आला कुठून? मुलीचा चेहरा आठवून मलाही चैन पडेना.

खबर मिळाली ती पाड्यांवर सवाऱ्या नेणाऱ्या एका जीपवाल्याकडून. तो सहज बोलून गेला, "सायेब, मोखाड्याकडच्या एका पाड्याचा पानी पन तसाच झालाय. तो पेटीवाला माजेच जीपनी गेला होता." दोन विहिरी, दोन तालुके आणि माणूस एकच. बाजाराच्या दिवशी त्याला पेटीसकट उचलले.

गडी मोठा गोडबोल्या होता. तासभर घाम गाळला तरी एकच पालुपद, "साहेब, यंत्र खोटं बोलत नाही." शेवटी दोन पंच बसवून पंचनामा लिहायला घेतला. मुद्देमालातली वस्तू पाहायची, हाताळायची आणि दिसते तशी सांगायची, ही आमची जुनी शिस्त. मी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. लोखंडी सळी एक. दुसरी लोखंडी सळी... आणि मी अडखळलो. दुसरी सळी खालून झिजून पेन्सिलीच्या टोकासारखी झाली होती. बोट फिरवले तर बोटाला तोच तपकिरी रंग. पाणी बिचारे निर्दोष होते. वीज सोडली की सळीच गंजून पाण्यात उतरत होती.

"माझ्या फिल्टरच्या पाण्यात का नाही उतरत मग?" तो छाती काढून म्हणाला. त्याने सोबत आणलेल्या फिल्टरच्या पाण्यात सळ्या सोडल्या. पाणी तसेच राहिले. त्याच्या पाण्यातले क्षार यंत्राने काढून घेतले होते, म्हणून वीज वाहत नव्हती. मी ठाण्याच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्यात टाकले. पेला तपकिरी झाला आणि पेटीवाल्याचा चेहरा पांढरा. पुढचा जबाब त्याने न विचारता दिला. दोन्ही पाड्यांवर यंत्रासाठी आगाऊ घेतलेला विसार त्याला परत करावा लागला, शिवाय फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर, सगळ्यांसमोर, त्याच्याच हाताने तो खेळ करवला. मिठाचा पेला रंगला तशा बाया हसून लोटपोट झाल्या. एकटी मुलीची आई हसली नाही. ती उठली, तांब्या भरला आणि व्याह्यासमोर धरला.

"मी चुकले. घ्या पानी."

त्याने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. मग घटाघटा प्यायला. "लग्नात मासं मीच आननार," तो म्हणाला, "पन खाताना मना इचारू नका कसं धरलं." लग्न ठरल्या दिवशीच झाले. मी गणवेशातच गेलो होतो. आग्रहाने नाचवले, नाचलो. असा आनंद नोकरीत फार थोड्या वेळा झाला.

एक सांगायचे राहिले. विहिरीचे पाणी आरोग्य खात्यामार्फत तपासून घेतले. विष नव्हते, पण जंतू होते. म्हणून विहिरीत क्लोरीन सुरू झाले आणि घरोघरी उकळून प्यायला सांगितले. क्षार काढणाऱ्या महागड्या यंत्राची तिथे गरजच नव्हती. आजही कोणी मला फिल्टर कुठला घ्यावा विचारले, तर मी म्हणतो, आधी पाणी प्रयोगशाळेत द्या. जंतू, गाळ की क्षार, ते कळू द्या. मग दुकानात जा.

या प्रकरणाने मला माणसांबद्दल मात्र जास्त शिकवले. त्या बाईने पेटीवाल्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, त्याचे नावही विचारले नव्हते. आणि ज्याच्या घरी लेक द्यायची, त्याच्यावर संशय घ्यायला तिला एक रात्रही लागली नाही. पुढे नोकरीत तक्रारदाराने घरच्या माणसाचे नाव घेतले, की मी आधी एवढेच विचारत असे, "त्या दिवशी बाहेरचा कोण आला होता?"