डाव्या बाजूच्या काचा

"ड्रायव्हर इश्यू." त्या छापील कागदावर, रिमार्क्सच्या रकान्यात, एवढे दोनच शब्द होते. खाली ऐटदार सही. प्रकाश जाधवने तो कागद माझ्यासमोर धरला.

"नाना, वीस वर्षं काच वाहतोय. तुम्हीच सांगा, मी गाडी आपटतो काय?"

प्रकाश दादरमधल्या एका काचेच्या दुकानाचा पिकअप चालवायचा. खिडक्यांच्या, बाथरूमच्या, ऑफिसातल्या पार्टिशनच्या मोठमोठ्या काचा दुकानातून साइटवर पोचवायचं त्याचं काम. माझं परळला सस्पेन्शनचं गॅरेज आहे. सस्पेन्शन म्हणजे गाडीचं चाक आणि गाडीचं अंग यांच्या मधलं सगळं सामान. रस्त्याचा दणका चाकापर्यंतच राहावा, वर पोचू नये, यासाठी ते असतं. पस्तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

प्रकरण असं होतं. दुकानाचे जुने मालक वारले आणि मुलगा मिहीर गल्ल्यावर बसला. पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळं 'अपग्रेड' करायची घाई. आधी दुकानाचा बोर्ड बदलला, मग बिलिंगची सिस्टीम, मग पिकअपची पाळी आली. एका बंद पडलेल्या मिलच्या आवारात गाड्यांचा एक स्टुडिओ निघालाय. गॅरेज म्हटलेलं त्यांना चालत नाही. तिथे त्याने चारही चाकांना अ‍ॅडजस्टेबल शॉकअप बसवून घेतले आणि गाडी 'लेव्हल' करून घेतली. त्यानंतर दीड महिन्यात पाच काचा फुटल्या. मिहीरने गाडी परत स्टुडिओत नेली. त्यांनी तपासली, सगळं परफेक्ट आहे म्हणाले, आणि हा कागद हातात दिला.

मिहीरने तो कागद दुकानात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सोमवारपासून गाडीची चावी दुसऱ्या माणसाकडे, आणि प्रकाशने गोडाऊनमध्ये बसून काचा पुसायच्या. हे शुक्रवारी दुपारी झालं. संध्याकाळची खेप पोचवून प्रकाश गाडीसकट सरळ माझ्याकडे आला होता.

काचवाल्यांच्या धंद्यात ड्रायव्हरला सर्टिफिकेट नसतं. याच्या हातून काच फुटत नाही, एवढंच त्याचं नाव. ते गेलं की मुंबईतला कुठलाही काचवाला त्याला दारात उभा करत नाही. दोन शब्द खरडणाऱ्याला याची कल्पना तरी होती का?

"गाडी आत घे," मी म्हटलं. "आणि मला सांग, काचा फुटल्या त्या कुठल्या?"

"म्हणजे?"

"घोड्याच्या कुठल्या बाजूच्या?"

घोडा म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली लोखंडी चौकट. वर निमुळती, खाली रुंद. दोन्ही अंगांना काचा तिरक्या टेकवून बांधतात.

प्रकाशने क्षणभरही विचार केला नाही. "डाव्या. पाचही डाव्याच बाजूच्या."

"अरे मेल्या, मग हे तिथे बोललास का नाही?"

"कोणाला बोलू? त्यांनी टॅबवर फॉर्म भरला तो शेठना विचारून. मला म्हणाले, भैया, बाहर वेट करो."

मी चहा खाली ठेवला. आपटत गाडी चालवणारा माणूस दोन्ही बाजूच्या काचा फोडतो. खड्ड्याला डावं-उजवं कळत नाही. एकाच बाजूची काच सतत फुटत असेल तर दोष गाडीत आहे, हे माझ्याकडे पाना धरायला शिकणाऱ्यालाही आठवड्यात समजतं. आणि ही माहिती ज्याच्याकडे होती त्याला यांनी बाहेर उभं केलं होतं.

माझ्या गॅरेजची जमीन सरळ नाही. इथल्या गल्लीत कुठलीच नसते, सगळ्या गटाराकडे उतरतात. म्हणून मी चार लोखंडी पाट्या बसवून ठेवल्यात, प्रत्येक चाकाखाली एक. त्या गवंड्याच्या नळीने लेव्हल केलेल्या आहेत. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशने गाडी त्या पाट्यांवर चढवली. मी टेप लावला. डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच खाली.

सव्वा इंच ऐकायला किरकोळ वाटतं. पण घोड्यावरची काच मुळात जेमतेम तिरकी असते. गाडी डावीकडे कलली की डाव्या बाजूच्या काचा जवळजवळ उभ्याच होतात. त्यात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, आणि रस्ताही त्याच बाजूला गटाराकडे उतरलेला. प्रत्येक खड्ड्यात काच घोड्यापासून सुटते आणि परत येऊन आपटते. दोरी कितीही आवळा.

खाली घुसलो तर आणखी मजा. शॉकअप वजन उचलत नाहीत. वजन उचलायला पुढे स्प्रिंग असते, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. शॉकअपचं काम फक्त उसळी जिरवायचं. अ‍ॅडजस्टेबल शॉकअपला एक नॉब असतो, तो टिक टिक फिरवला की शॉकअप नरम किंवा कडक होतो. इथे चारही नॉब कडकच्या टोकाला नेऊन ठेवले होते. काच वाहणाऱ्या गाडीला! रेसला जायची होती का ती? पुढे उजवी स्प्रिंग ज्या रिंगवर बसते ती चांगली वर चढवलेली, मागे उजव्या पाट्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा. म्हणजे कोणीतरी मुद्दाम, मोजूनमापून, एकच बाजू उचलली होती.

हेच मला कळेना. ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून थोडं वाढवलं असेल, असंही वाटून गेलं. पण प्रकाशसारखे चार जण एकमेकांच्या मांडीवर बसले तरी एवढं लागणार नाही. काम हलगर्जी नव्हतं. नट व्यवस्थित आवळलेले, खुणा केलेल्या. चूक अगदी मन लावून केली होती.

मी मिहीरला फोन केला. "शेठ, गाडी माझ्याकडे आहे. स्टुडिओत या, मी प्रकाशला आणि गाडीला घेऊन येतो."

"काका, त्यांनी लेझरने लेव्हल केलीये. इम्पोर्टेड मशीन आहे."

"म्हणूनच या."

स्टुडिओत शिरलो आणि पाय दारातच थांबले. गोल लोखंडी खांब, वर उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या काचा, कोपऱ्यात विटांची कमान. माझे वडील याच मिलच्या रंगखात्यात होते. रंगखातं म्हणजे जिथे कापड रंगवायचे, धुवायचे. त्यांचा डबा द्यायला मी गेटपर्यंत यायचो, आणि संपाच्या आधी एकदा आतही आलो होतो. ही तीच शेड होती. आता खाली आरशासारखा राखाडी इपॉक्सीचा थर, भिंतीवर निऑनची अक्षरं, कॉफीचं मशीन.

मॅनेजर रोहन पुढे आला. तिशीचा, काळा टीशर्ट, बोलायला गोड. "सर, आम्ही सगळा डेटा शेअर केलाय. व्हेइकल झीरो-झीरो होती, दोन्ही साइड इक्वल. त्यानंतर जे झालं ते युसेज."

"युसेज म्हणजे हा?" मी प्रकाशकडे बोट केलं.

"मी कोणाचं नाव नाही घेतलं, सर."

"नाव घेण्याइतकीही तुम्हाला गरज वाटली नाही. लेझर कसा लावता ते दाखवा."

त्याने हौसेने दाखवलं. तिपाईवरचं यंत्र आपोआप स्वतःला सरळ करतं आणि गाडीवर लाल आडवी रेघ मारतं. गाडीच्या दोन्ही बाजू त्या रेघेला टेकेपर्यंत उंची जुळवायची. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तिथे उभी केलेली गाडी खरोखरच सरळ होती.

"आणि जमीन?"

"जमीन काय, सर? सेल्फ-लेव्हलिंग इपॉक्सी आहे, आपोआप सपाट बसतं."

मिहीरच्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी मागून घेतली आणि गाडी उभी करायच्या जागेवर, डाव्या चाकाच्या खुणेपाशी ओतली. पाणी क्षणभर थांबलं. मग त्याला वाट सापडली आणि ते शिस्तीत उजवीकडे निघालं. उजव्या चाकाची खूण ओलांडून भिंतीकडच्या झाडांच्या कुंड्यांखाली गेलं. मी एक कुंडी सरकवली. खाली जुन्या गटाराची लोखंडी जाळी होती.

"हे रंगखातं आहे," मी म्हटलं. "इथे दिवसभर रंगाचं पाणी सांडायचं. ते वाहून जावं म्हणून ही सगळी जमीन बांधतानाच उतरती केलेली आहे. तुम्ही वरून पातळ थर दिलात, उतार तसाच राहिला. उतारावर गाडी सरळ दिसावी म्हणून उजवी बाजू उचललीत. सपाट जमिनीवर ती कलणारच."

रोहनने कुंडी परत जाळीवर सरकवली. मग म्हणाला, "सर, आम्ही हेरिटेज फ्लोअर मुद्दाम रिटेन केलाय."

माझा तोल सुटला. या जमिनीवर उभं राहून माणसांनी आयुष्य काढलं. त्यांतला कोणीही, बारीकसारीक कामाचा माणूससुद्धा, पाणी कुठे जातं ते डोळे मिटून सांगू शकला असता. बाहेर गेटवर बसलेल्या म्हाताऱ्या वॉचमनला विचारलं असतं तरी चाललं असतं. यांनी विचारलं नाही. यांना जागा हवी, खांब हवेत, विटा हव्यात, तिथल्या माणसांना ठाऊक असलेलं काहीच नको. आणि स्वतःचं चुकलं की दोन शब्द लिहून गाडी चालवणाऱ्याच्या माथी मारायचं. हे सगळं मी मोठ्याने बोललो. कॉफी पिणारे दोन कस्टमर बाहेर निघून गेले.

"तो कागद परत घ्या," मी शेवटी म्हटलं. "चूक स्टुडिओची, असं लिहून द्या."

"सर, रिपोर्ट सिस्टीममध्ये क्लोज झालाय. एडिट होत नाही."

"मग पेनाने लिहा."

मिहीर मध्ये पडला. "रोहन, लिही." रोहनने लिहिलं: टेक्निकल व्हेरिएशन. यापुढे त्याचा हात जाईना.

गाडी मी माझ्याकडे नेली. उजवीकडचा ठोकळा काढला, रिंग खाली आणली. घोड्यावर नेहमीच्या वजनाइतक्या भंगार काचा बांधल्या आणि मगच उंची जुळवली. रिकामा पिकअप मागून थोडा उंच दिसतो, तो दोष नाही. माल चढला की तो सपाट बसतो. स्टुडिओने रिकामी गाडी दिसायला सपाट केली होती, त्यामुळे भरल्यावर तिची शेपटी खाली जायची आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. नॉब नरमकडे आणले. प्रकाश गाडी फिरवून यायचा, सांगायचा, "अजून दोन टिक नरम, नाना," आणि मी फिरवायचो. चौथ्या फेरीनंतर तो म्हणाला, "आता काच बोलत नाही." तिथे मी थांबलो.

सोमवारी चावी प्रकाशकडेच राहिली. मिहीरने दुकानात सांगितलं की गाडीत टेक्निकल प्रॉब्लेम होता, तो सॉल्व्ह झालाय. कागद ज्या टेबलापाशी उभं राहून वाचला होता, तिथूनच सांगितलं. पण प्रकाशचं नाव त्यात कुठेच आलं नाही. आरोप करताना नाव घेतलं होतं, तेव्हा अडखळला नव्हता.

प्रकाशने तीन महिने गाडी चालवली. एकही काच फुटली नाही. मग महिनाभराची नोटीस दिली आणि गिरगावातल्या दुसऱ्या काचवाल्याकडे गेला. मिहीरचा मला फोन आला. आवाजात खरंच आश्चर्य होतं.

"काका, तो का गेला? गाडी तर आता एकदम मस्त आहे."

"गाडी मस्त आहे," मी म्हटलं. "तेवढंच काम माझ्याकडे आलं होतं."

तेव्हापासून गॅरेजात एक पद्धत ठेवली आहे. मालक येतो, ड्रायव्हरने गाडीची वाट लावली म्हणून ओरडायला लागतो. माझ्याकडे खुर्ची एकच आहे. ती मी ड्रायव्हरला देतो आणि विचारतो, काय होतंय ते नीट सांग. मालक उभा राहून ऐकतो.