कार्ड तर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून आहे आणि खरं सांगायचं तर भांडायलाच आले होते. कोणी लिहिलं की रिकाम्या खोलीत पंखा आपोआप सुरू झाला, की मी खाली लिहायची – न्यूट्रल लूज असेल, वायरमनला दाखवा. लोकांना राग यायचा. येऊ द्या! माझा आजा अंगठेबहाद्दर, बाप चौथी पास, आणि मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. अंगारे-धुपारे करणारे पुष्कळ आहेत गावात, मीटर लावून पाहणारी मी एकटी.

तरीही आज लिहिते आहे. कारण मीटर लावूनही काही कळलं नाही.

आमचं गाव एकोडी, साकोली तालुका. दोन खोल्या आणि पुढे छपरी. बाबांनी तीस वर्षं राइस मिलमध्ये हमाली केली. कोंड्याची धूळ आयुष्यभर नाकातोंडात गेली आणि साठीच्या आत फुफ्फुसं कडक झाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ऑक्सिजनवर ठेवा. कॉन्सन्ट्रेटर मशीन आणलं. ते विजेवर चालतं, हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून नाकात देतं. आणि आमच्याकडची लाईन तुम्हाला माहीत असेल… ढग आले की जाते.

म्हणून छपरीत बाबांच्या खाटेशी मी यूपीएस बसवला. साकोलीत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला आहे. एका ऑफिसातून निघालेला जुना यूपीएस तिथे आला होता, तो घेतला, बाहेरून तीन मोठ्या बॅटऱ्या जोडल्या. मशीन तीन तास आरामात चालायचं. त्या यूपीएसच्या पाठीमागे एक लहानसं कार्ड होतं. त्या कार्डावरून केबल कॉम्प्युटरला जाते, आणि लाईन आहे की नाही, बॅटरी किती उरली, हे यूपीएस कॉम्प्युटरला सांगतो. मी एक जुना कॉम्प्युटर तिथेच छपरीत ठेवला आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. लाईन गेली की माझ्या मोबाईलवर मेसेज – "लाईन गेली." मग दर दहा टक्क्यांना एक – "बॅटरी ९०", "बॅटरी ८०"… पार "बॅटरी १०" पर्यंत. पाठवणाऱ्याचं नाव ठेवलं होतं "घर". मी साकोलीत असो नाही तर कुठेही, घर मला सांगायचं. याचा मला किती अभिमान होता, ते लिहायला आता लाज वाटते.

गेल्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांतला रविवार. सकाळी कॉम्प्युटरवर लाल अक्षरात आलं – यूपीएसशी संपर्क तुटला.

दिवसभर लागले त्याच्या मागे. केबल बदलली. पोर्ट बदलला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. माझा लॅपटॉप लावून पाहिला, तोही तेच सांगत होता. यूपीएस वीज नीट देत होता, बॅटरी नीट भरत होता, फक्त बोलत नव्हता. बाबा खाटेवर नळी लावून बसले होते. म्हणाले,

"नाही बोलत तं नको बोलू दे ना वं. तुही माय दोन-दोन दिवस बोलत नाही, मी कधी तिले खोलून पाह्यलं का?"

माय आतून ओरडली, "मले आयकू येते हां! अन् त्या डब्ब्याले यंदा कुंकू नाही लावलं मी, म्हणून रुसला तो."

"माय, तुझ्या कुंकवानंच पोर्ट खराब झाला असंन," मी म्हटलं.

कार्ड बाहेर काढलं तर एक चिप काळी पडली होती. जळलेली. कुंकू नव्हे, उगाच बोलले मी मायला. कार्ड निघालं तरी यूपीएसच्या कामात फरक पडत नाही, फक्त तो मुका होतो. ठरवलं, उद्या दुकानात कार्ड दुरुस्त करते आणि कॉम्प्युटरही साफ करून आणते.

सोमवारी आमच्याच बांधीत, धानाच्या शेतात, रोवणी होती. दहा बाया सांगून ठेवलेल्या. मी मायला म्हटलं, एक दिवस पुढं ढकल, बाबा एकटे राहतील, आज मला मेसेजही येणार नाही.

"तुही मशीन बोलत नाही म्हणून दहा बाया वापस पाठवू का? मंग पुन्हा कोण येईन?"

बाबा म्हणाले, "जा वं दोघीबी. मी काय पाळण्यातला हाव का? लाईन गेली तं बॅटरी हाय. फोन हाय."

फोन त्यांच्या उशाशी ठेवला, एक बटण दाबलं की मला लागेल असा. स्कुटीच्या पायरीवर कॉम्प्युटर बांधला, कार्ड एका पाकिटात घालून पर्समध्ये टाकलं आणि निघाले. दुकानात गेल्यावर पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. कॉम्प्युटर टेबलावर ठेवून झाकण उघडलं, हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली. हे सगळं इतकं नीट का सांगते आहे, ते पुढे कळेल.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. घर – "लाईन गेली."

मी हसले. वाटलं, नेटवर्कमध्ये कुठेतरी अडकलेला जुना मेसेज असेल. होतं असं. तरी बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला.

"लाईन आहे का हो बाबा?"

"हाय ना. पंखा फिरून राह्यला. तू जेवली का?"

"जेवते आता."

"जेव मंग. पैले जेव."

एक अठराला – "बॅटरी ९०." एक सव्वीसला – "बॅटरी ८०." दुकानाचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणतो, शेजारी प्रिंटर खोलून बसले होते. त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी मोबाईल पाहिला, मग टेबलावरचा उघडा कॉम्प्युटर पाहिला.

"तुहा कॉम्प्युटर तं हा असा फाडून पडला. अन् कार्ड?"

ड्रॉवर उघडून पाकीट दाखवलं.

"मंग पाठवून कोण राह्यलं?"

"जुने मेसेज असतील दादा."

"जुने मेसेज आठ-आठ मिनिटं मोजून येतेत का वं?"

तो हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. एक चौतीसला, बरोबर आठ मिनिटांनी, "बॅटरी ७०" आला. आणि आमची बॅटरी इतक्या भराभरा कधीच उतरायची नाही. बाबांना पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला नाही. मी मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकले आणि स्कुटी काढली. रस्त्यात पर्समध्ये दोनदा वाजलं. थांबून पाहायची हिंमत झाली नाही.

घरी पोचले तेव्हा तिसऱ्यांदा वाजलं. एक अठ्ठावन्न. "बॅटरी ४०."

आणि घरात सगळं ठीक होतं.

पंखा फिरत होता. कॉन्सन्ट्रेटर घुरघुरत होता. यूपीएसवर हिरवा दिवा, बॅटरी पूर्ण. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले.

"काहून आली वं? दुकान बंद पाडलं का दादाचं?"

"फोन का नाही उचलला?"

"लघवीले गेलतो. त्याचाबी मेसेज पायजे का तुले?"

बोटाला ऑक्सिमीटर लावला. नव्वद. रोजचाच आकडा. मला हायसं वाटलं, आणि मग राग आला. बाबांचा नाही, त्या यूपीएसचा. हा डबा मला बनवतो आहे, असं वाटलं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून शंभरदा ऐकलं होतं आणि हसले होते.

आमच्या धंद्यात दादांनी पहिल्या दिवशी शिकवलेला एक नियम आहे – माणसाचं ऐकू नको, मशीनचं पाह्य. गिऱ्हाईक काहीही सांगत असतं, तू आधी पॉवर बघ, मग केबल, मग बाकीचं. चार वर्षं त्याच नियमानं काम केलं, कधी चुकले नाही.

तसंच केलं. बाबांकडे पाठ करून खाली बसले. लाईन तपासली, दोनशे अडतीस व्होल्ट. बॅटऱ्या तपासल्या, तिन्ही भरलेल्या. यूपीएसची मागची पट्टी काढली. कार्डाची जागा रिकामी, नुसती खाच. पलीकडची भिंत दिसत होती तिच्यातून.

दोन वाजून सहा. "बॅटरी ३०."

"पोरी," बाबा म्हणाले.

"थांबा ना बाबा, पाहून राहिली ना."

मशीनचा प्लग काढून सरळ भिंतीच्या बोर्डात लावला. यूपीएस बंद केला. तिन्ही बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या. म्हटलं, आता बघते कुठून येतो मेसेज.

दोन चौदा. "बॅटरी २०."

"इकडं ये जराशी," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटं बाबा… फक्त दोन मिनिटं."

मी मोबाईलचं नेट बंद केलं, चालू केलं, मेसेजचं ॲप काढून पुन्हा टाकलं. मागे खाट करकरली. ते आणखी काहीतरी म्हणाले, हळू. कॉन्सन्ट्रेटरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. मी "हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं, मला माहीत नाही.

दोन बावीस. "बॅटरी १०."

त्यानंतर मला जाणवलं की ते हाक मारत नाहीत.

वळले. बाबा एका कुशीवर कलले होते, ओठ निळसर. ऑक्सिमीटरवर एकसष्ट. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, मशीनच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते… सगळं सगळं चालू होतं! नळी बदलली. फ्लो वाढवला. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, ते म्हणाले निघतो, पण चाळीस मिनिटं लागतील. गल्लीत धावत गेले, ओरडले. गल्लीत कोणी नव्हतं. रोवणीच्या दुपारी गावात कोण असतं? एक कुत्रं होतं ओट्याखाली, ते उठून उभं राहिलं. परत आले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडे पाहत होते. मी विचारलं, "काय म्हणत होते बाबा? सांगा ना आता. सांगा." ओठ हलले, पण आवाजाला लागते तेवढी हवा त्यांच्यात उरली नव्हती.

अॅम्ब्युलन्स आली तोवर संपलं होतं. तिच्यातले डॉक्टर म्हणाले, एवढ्या खराब फुफ्फुसांचं असंच होतं, हृदयावर ताण येतो आणि ते बसतं. तुम्ही काही करू शकला नसता, असंही म्हणाले. माय बांधीतून आली ती कोपरापर्यंत चिखलाची. तिनं हात धुतले नाहीत, तशीच बसली त्यांच्या पायाशी. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तू तं घरी होती ना?"

"बॅटरी १०" च्या पुढे मेसेज आला नाही. आजपर्यंत नाही.

तेरावं झाल्यावर मी शोधायला बसले. मला दुसरं काही येत नाही. ते कार्ड तपासलं, मेलेलं आहे, दादांनीही तपासलं. हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. प्रोग्रामची नोंद रविवारी संध्याकाळी थांबलेली आहे, मी बंद केला त्याच मिनिटाला. कॉलेजच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, मेसेज पाठवणाऱ्या तुझ्या खात्याची चावी, म्हणजे पासवर्ड, कोणाला तरी मिळाली असेल. कोणाला, सर? एकोडीत? आणि त्यानं दुपारभर बसून आठ-आठ मिनिटांनी दहा मेसेज पाठवायचे, ते कशासाठी? सर म्हणाले, मग मला नाही सांगता येत. मेसेज अजून मोबाईलमध्ये आहेत. दादांनी पाहिले, सरांनी पाहिले, मायला मी दाखवले नाहीत.

गावात गोष्ट फुटलीच. कोणी म्हणतं कुळाच्या देवानं सांगावा धाडला, कोणी म्हणतं बाप चांगला जीव होता, जाताना सांगून गेला. या ग्रुपवरही कोणी लिहील की तो वडिलांचा आत्मा होता. कृपा करून हे लिहू नका. बाकी काहीही लिहा, नेटवर्कचं लिहा, सॉफ्टवेअरचं लिहा, मी वाचेन आणि तपासून पाहीन.

आत्मा मेलेल्या माणसाचा असतो. ते मेसेज येत होते तेव्हा बाबा जिवंत होते. शेवटची चोवीस मिनिटं, माझ्यापासून दोन हातांवर. मला हाक मारत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.