मोर्चाच्या टेपला लावलेली धार

टीव्हीचं चित्र कसं लख्ख आहे बघा, असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. चित्राला धार लावायचं काम मला येत होतं. लई चांगलं येत होतं, तिथंच घात झाला.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर पेटलं होतं, आणि इकडं औद्योगिक वसाहतीत रोज नवी शेड उभी राहत होती. बाप मेंढरं वळायचा. मी टीव्हीच्या कारखान्यात चित्राची तपासणी करायचो. चित्र पुसट असलं की पांढरं संपून काळं जिथं सुरू होतं, ती कड सर्किटमधून ठळक करायची. बस, एवढंच. सिग्नलमध्ये जे नाय ते कुठून आणणार? काजळ घातल्यानं डोळे मोठे दिसतात, मोठे होत नाहीत.

एका दुपारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. क्रांती चौकातल्या मोर्चाची कुणीतरी काढलेली व्हिडिओ टेप त्यांनी मिळवली होती. म्हणाले, "चेहरे साफ कर. आपल्या कारखान्यातलं कोण कोण गेलं होतं ते बघू. दिसला की घरी बसवतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हातानं कड ठळक करायचा स्क्रू फिरवलाच. व्हय, मीच फिरवला. टेप इतकी खराब होती की काही दिसणार नाय, अशी माझी खात्री होती. पण पानटपरीशेजारचा एक राखाडी डाग हळूहळू माणसासारखा दिसायला लागला. कडेनं पांढरी रेघ, मधे अंधार. नाक नाय, डोळे नाय, काही नाय.

"हा बघ!" साहेब खुर्चीतून उठलेच. "तुझा तो सोल्डरिंगवाला!"

सोल्डरिंगवाला माझा जोडीदार, मुकुंदवाडीचा. त्याच्या घरावर निळा झेंडा होता, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक. मोर्चाच्या दिवशी त्याच्या लेकीला ताप होता, तो घरातून हललाच नव्हता. "तू तरी जा," म्हणाला, म्हणून मी गेलो. पानटपरीशेजारी हात वर करून घसा फोडत होतो तो मी!

"साहेब, तो नाय. तो मी आहे."

साहेब हसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू कशाला जाशील तिकडं? तू मेंढपाळाचा पोर, आपला माणूस. दोस्तासाठी खोटं बोलतोस होय?"

आपला माणूस! कुणाचा आपला रे? पडद्यावर चेहराच नव्हता. यांनी स्वतःच्या डोक्यातला चेहरा तिथं चिकटवला, अन् भोवतीची पांढरी रेघ मी काढून दिली. आजही त्या हसण्याची चीड येते, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

पाळी सुटायच्या आत, टेपमध्ये दिसला म्हणून जोडीदाराला कामावरून काढलं. डबा काखेत मारून तो गेटपाशी उभा होता. मी गेलो तसं त्यानं विचारलं, "तो तू होतास, हे सांगितलं नाय का त्यांना?"

"सांगितलं ना."

"कितीदा?"

मी एकदाच सांगितलं होतं.