येतो म्हणून सांगणारा

निरोप परक्याला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करणारा आपला प्रोग्राम नातीने सगळ्यांसाठी खुला केला आणि लगेच परदेशातल्या सरकारी कचेरीला मेल लिहिली: कोड अमुक ठिकाणी ठेवला आहे. असा कोड तिथल्या सर्व्हरवर ठेवला की ती तिथून झालेली निर्यात धरतात, आणि ती कळवायचा नियमच आहे.

"उत्तर येतं?"

"कधीच नाही, आजोबा."

घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, तेही पुष्कळदा कोणी ऐकत नसतं. पण म्हटलं की पाऊल हलकं पडतं.

पूर्वी आम्ही मित्रांनी असाच एक प्रोग्राम केला होता, तेव्हा ही मेल माझा मित्र वसंता करायचा. आम्ही चिडवायचो, "साहेबांना आमचा नमस्कार कळव."

"कळवला," तो म्हणायचा.

त्याच्यामुळे आमचं काम जगभर बिनघोर फिरलं. कौतुक मी एकट्याने घेतलं.

नातीला म्हटलं, "आमच्या प्रोग्रामवर माझ्या नावाआधी वसंताचं घाल."

"त्यांनी काय लिहिलं होतं?"

"कोडची एक ओळही नाही. आम्हा सगळ्यांच्या वतीने तो 'येतो' म्हणायचा."