नकाशात नसलेलं दार

ब्रोशरमधल्या नकाशात बेडरूम ऐसपैस दिसत होती. शहराबाहेरचा सँपल फ्लॅट बघायला गेलो, तर तिथेही ती ऐसपैसच. माझ्या मनात पाल चुकचुकली. सासूबाईंनी सेल्सवाल्या मुलीला विचारलं, “अगं, खोल्यांना दारं कुठायत?”

“ताबा देताना लागतील, आजी.”

घरी येऊन मी नकाशावर पेन्सिलीनं दार काढलं. उघडताना ते तिथे छापलेल्या पलंगावर आपटत होतं.

“घरच्याच माणसांत दारं हवीत कशाला?” नवरा म्हणाला.

बिनदाराच्या घरात सगळे सुखी दिसतात, म्हणूनच मला त्या सुखाचा भरवसा वाटत नाही. आमच्या आताच्या एका खोलीत, बाहेरचं दार सोडलं तर, कडी फक्त बाथरूमला आहे. नळ सोडून तिथे मी रडते, सासूबाईही रडतात.

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पलंगावर फुली मारली.