गाळलेला समुद्र

मंडळी, आज भित्तिपत्रकावर कविता नाही, माझी कबुली आहे.

रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याची बरणी आली होती. त्यातले डायटम, म्हणजे काचेच्या कवचातल्या सूक्ष्म वनस्पती, सकाळी वर्गाला दाखवायचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पाणी!

आमचे प्रयोगशाळेचे शिपाई दत्तूबा म्हणाले, "गाळून ठेवलंय बाई. न गाळता पाणी द्यायचं व्हय? नारू हुतोय की, पायातनं जंत निघतोय!"

"प्यायचं होतं का ते?" मी वर्गासमोर ओरडले.

दत्तूबा गाळायचं ओलं फडकं पुढे करून म्हणाले, "आठपदरी हाय. समदं हितंच असंल की."

वाटीभर त्याच पाण्यात फडकं खळबळलं, एक थेंब काचेवर घेतला. डायटमच्या साखळ्याच साखळ्या! बुडून उजेडाला मुकू नयेत म्हणून त्यांना केसांसारखे लांब काटे असतात. ते काटेच फडक्यात अडकले होते. बरणीभर विखुरलेले जीव दत्तूबांनी एका फडक्यात गोळा केले होते.

त्यांनीही डोळा लावून पाहिलं. "बाई, असलं देखणं गाळून टाकत हुतो व्हय मी?"

ओरडले सगळ्यांसमोर, आभार मानायला मात्र वर्ग सुटायची वाट पाहिली. म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर: दत्तूबा, उपकार झाले.

तुम्ही कुणाचे आभार असे एकांतात उरकलेत?